लिंडाबाईंची शाळा

सिडनी शहराच्या पश्चिमेला, लोकलनं पाऊण-एक तासाच्या अंतरावर, ब्लॅकटाउन नावाचं स्टेशन आहे. स्टेशनाबाहेर पडलं की जाड्या पोह्यांपासून उपासाच्या साबुदाण्यापर्यंत सारं काही विकणारी आपली किराणा दुकानं लागतात, बसमध्ये मधूनच मराठी कानावर पडतं. माझी मुलगी त्या भागात राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या तिकडे चार खेपा झाल्या. इतक्या नांदत्या उपनगराला ‘काळ्यांचं गाव’ असं नाव कुणी आणि का दिलं असेल, हा प्रश्न मला पहिल्याच खेपेला पडला. जावयांना विचारलं तर ते हसून म्हणाले, “आई, नावात काय आहे, घरांचे भाव बघा!”

नावात एक शाळा आहे, हे मला पुढच्या खेपेला तिथल्या वाचनालयात कळलं.

१८१५ साली गव्हर्नर मॅक्वारी यांनी पॅरामॅटा इथं मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी एक निवासी शाळा काढली. मुलांना लिहाय-वाचायला आणि प्रार्थना म्हणायला शिकवायचं, मुलींच्या हातात सुईदोरा द्यायचा आणि सगळ्यांना ‘सुधारायचं’ असा बेत. एकदा घातलेलं मूल आईबापांनी परत मागायचं नाही, ही अट. १८२३ मध्ये शाळा इकडे आडरानात हलवली. आसपास काही मूळ रहिवाशांना जमिनीचे लहान तुकडे दिलेले होते, म्हणून गोरे लोक या जागेला ‘ब्लॅक टाउन’ म्हणू लागले. शाळा थोड्याच वर्षांत बंद पडली, नाव तेवढं उरलं.

या शाळेचा एक निकाल मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८१९ साली वसाहतीतल्या शाळांची एक जाहीर परीक्षा झाली. तिला शंभराच्या आसपास गोरी मुलं आणि वीसेक मूळ रहिवाशांची मुलं बसली होती. पहिला नंबर आला चौदा वर्षांच्या एका आदिवासी मुलीचा. ती मुलगी म्हणजे यारामुंडी या दारुग जमातीच्या प्रमुखाची लेक मारिया असावी, असं अभ्यासक मानतात. पहिला नंबर आलेल्या मुलीचं पुढं काय झालं, हा आपल्या बायकांना आपसूक पडणारा प्रश्न. तिचं एका सुताराशी लग्न झालं. तो शिक्षा होऊन विलायतेहून आलेला कैदी होता. मग मुलंबाळं, संसार. पण भावाच्या नावची जमीन आपल्याला मिळावी म्हणून १८३१ साली तिनं थेट गव्हर्नरकडे अर्ज केला आणि बऱ्याच वर्षांच्या खटाटोपानंतर ती मिळवलीही. मी आयुष्यभर अर्ज वाचण्याचं काम केलं आहे. परीक्षेतल्या पहिल्या नंबराइतकंच मला त्या अर्जाचं कौतुक वाटतं.

ही जागा हल्लीच्या ओकहर्स्ट या उपनगरात आहे, आणि २०१८ साली ती दारुग लोकांना परत देण्यात आली. तिथून काही किलोमीटरवर लेथब्रिज पार्क नावाची कामगारवस्ती आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत १९७९ साली एक नव्या शिक्षिका रुजू झाल्या. त्या बॅथर्स्टच्या मिचेल कॉलेजमधून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आल्या होत्या, आणि त्या कॉलेजातून पदविका मिळवणाऱ्या पहिल्या आदिवासी विद्यार्थिनी होत्या. त्यांचं नाव लिंडा बर्नी. आपल्या शाळेत असत्या तर त्यांना सगळे बर्नीबाई किंवा लिंडाबाई म्हणाले असते, म्हणून मीही तसंच म्हणणार आहे.

मारियाचा पहिला नंबर आणि लिंडाबाईंची पदविका यांच्यात सुमारे एकशेसाठ वर्षांचं अंतर आहे. १८१९ साली जमलं ते पुन्हा जमायला एवढी वर्षं का लागावीत? बुद्धीचा प्रश्न तर मारियानंच निकालात काढला होता.

कारण कायद्याच्या आणि परिपत्रकांच्या भाषेत सापडतं. न्यू साउथ वेल्स राज्यात १८८० साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. तीनच वर्षांनी यास नावाच्या गावात गोऱ्या पालकांनी तक्रार केली की, आमच्या मुलांशेजारी ही मुलं नकोत. सरकारनं आदिवासी मुलांना घरी पाठवलं. मग नियम झाला की मुलं स्वच्छ, अंगभर कपडे घातलेली आणि सभ्य असतील तरच त्यांना शाळेत घ्यावं. स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ, हे ठरवणार अर्थात दुसरे. १९०२ मध्ये तेवढाही आडपडदा उरला नाही. एखाद्या गोऱ्या पालकानं हरकत घेतली की आदिवासी मूल शाळेतून काढावं, असा शिक्षणमंत्र्यांचा हुकूमच निघाला. त्यांच्यासाठी राखीव वस्त्यांवर वेगळ्या शाळा होत्या. तिथं बहुधा शिक्षणाचं प्रशिक्षण नसलेलं माणूस शिकवी, आणि अभ्यासक्रम तिसरीच्या पुढं फारसा जात नसे.

आपल्याला यात काही ओळखीचं वाटलं तर नवल नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला तेव्हा मुंबई सरकारनं जवळजवळ हाच युक्तिवाद केला होता: एकासाठी बाकीची मुलं शाळा सोडून जातील, त्याचं काय? साम्राज्य एकच होतं, आणि त्याचे साहेब दोन्हीकडे सारख्याच शाईनं लिहीत होते.

न्यू साउथ वेल्सच्या शिक्षकांच्या नियमपुस्तिकेत, घरची परिस्थिती किंवा गावाचा विरोध पाहून आदिवासी मुलाला प्रवेश नाकारण्याचा मुख्याध्यापकाचा अधिकार १९७२ पर्यंत छापलेला होता. १९७२! तेव्हा लिंडाबाई पंधरा वर्षांच्या होत्या आणि त्याच राज्यातल्या हायस्कुलात शिकत होत्या.

मुलींसाठी आणखी एक ‘शिक्षण’ होतं, तेही सांगायला हवं. कुटामंड्रा या गावी १९११ साली आदिवासी मुलींसाठी एक निवासी संस्था निघाली. घरांतून उचलून आणलेल्या मुलींना तिथं स्वयंपाक, धुणं, इस्त्री शिकवत आणि चौदा-पंधराव्या वर्षी शेतमालकांच्या घरी कामाला पाठवत. त्यांच्या पगारातले किरकोळ पैसे हातखर्चाला, बाकीची रक्कम सरकारी मंडळाकडे, मुलीच्या नावानं जमा. इथं माझ्यातली बँकवाली जागी होते. अल्पवयीन खातेदाराची रक्कम म्हणजे आमच्याकडे सोवळ्यातला पैसा. मूल अठराचं झालं की सही घ्यायची, ओळख पटवायची आणि पै न् पै हवाली करायची. या मुली मोठ्या झाल्या, आज्या झाल्या, कित्येक वारल्या, आणि अनेकींना त्यांचे पैसे मिळालेच नाहीत. खातं आहे, खातेदार जिवंत आहे, आणि तिला पासबुकच दिलेलं नाही! २००४ साली राज्याचे मुख्यमंत्री बॉब कार यांनी विधिमंडळात याबद्दल माफी मागितली आणि परतफेडीची योजना सुरू झाली. त्या वेळी सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांत लिंडा बर्नी होत्या. पण मी पुढं गेले.

त्यांचा जन्म १९५७ चा, व्हिटन नावाच्या खेड्यातला. भातशेतीचा, कालव्यांचा मुलूख. आई गोरी, अविवाहित. वडील विराजुरी जमातीचे. त्या काळच्या खेड्यात अशा मुलीचं काय होणार, हे सांगायची गरज नाही. तिला वाढवलं ते नात्यातल्या दोन वृद्धांनी, नीना आणि बिली लेंग या बहीणभावांनी. लिंडाबाईंनी पुढं जिथं जिथं स्वतःविषयी सांगितलं, तिथं या दोघा म्हाताऱ्यांचं ऋण आधी सांगितलं आहे. सचोटी आणि कष्टांची सवय ही त्यांची देणगी. वडील कोण, हे मात्र घरात बोललं जात नसे.

शाळेतला एक प्रसंग त्यांनी २००३ साली विधिमंडळातल्या आपल्या पहिल्या भाषणात सांगितला आहे. वय तेरा. वर्गात शिकवलं जात होतं की, या देशाचे मूळ रहिवासी म्हणजे पृथ्वीवर आज उरलेला अश्मयुगीन माणसाचा सर्वांत जवळचा नमुना. वर्गात तशी ती एकटी. त्या क्षणी तिला वाटलं, आपण कागदाचा कपटा व्हावं आणि जमिनीच्या फळ्यांमधल्या फटीतून गुपचूप निसटून जावं.

मी कादंबऱ्या लिहिते. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या मनातली लाज दाखवायला मला इतकी नेमकी गोष्ट सुचली नसती. तिला पळून जायचं नव्हतं, रडायचं नव्हतं, बाईंना उलट उत्तरही द्यायचं नव्हतं. तिला फक्त पातळ व्हायचं होतं. त्याच भाषणात त्या म्हणाल्या की, आदिवासी मुलानं देशाच्या आरशात पाहिलं तर त्याला स्वतःचं रूप एक तर वेडंवाकडं दिसे, नाहीतर दिसतच नसे.

या अनुभवातून माणसं दोन वाटांनी बाहेर पडतात. काही जण शिकून-सवरून त्या वर्गापासून जितकं लांब जाता येईल तितकं जातात, आणि त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. लिंडाबाई त्याच वर्गात परत गेल्या, या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य मला या एका कृतीचाच विस्तार वाटतो.

परत जाण्याआधीचं त्यांचं कॉलेजही साध्यासुध्या जागी नव्हतं. बॅथर्स्ट हे विराजुरी मुलखातलं पहिलं गोरं गाव. १८२४ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर ब्रिस्बेन यांनी याच भागात विराजुरींविरुद्ध लष्करी कायदा पुकारला. कित्येक महिने कत्तली चालल्या. विराजुरींचा पुढारी विंड्राडाइन वर्षाअखेरीस आपल्या माणसांसह डोंगर ओलांडून पॅरामॅटापर्यंत चालत आला, तेव्हा त्याच्या गवती टोपीवर ‘शांतता’ असा इंग्रजी शब्द लावलेला होता. त्या गावात दीडशे वर्षांनी एक विराजुरी मुलगी शिक्षिका व्हायला गेली. तिच्या अभ्यासक्रमात विंड्राडाइन असण्याची शक्यता फारच कमी.

लेथब्रिज पार्कमध्ये शिकवत असतानाच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असणार. एका वर्गातली तीस मुलं सांभाळून भागणार नाही. तेराव्या वर्षी आपल्याला शिकवलं गेलं ते शिकवणाऱ्या बाई दुष्ट नव्हत्या, त्यांच्या हातातलं पुस्तक तसं होतं. पुस्तक बदलायला हवं, आणि बाईंनाही शिकवायला हवं. थोड्याच वर्षांत त्या शिक्षण खात्यात धोरणाच्या कामाकडे वळल्या. आदिवासी शिक्षणाचं स्वतंत्र धोरण आखणारं न्यू साउथ वेल्स हे ऑस्ट्रेलियातलं पहिलं राज्य, साल १९८२. ते घडवण्यात आणि राबवण्यात लिंडाबाईंचा हात होता. १९८७ पासून ते राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांना लागू झालं. म्हणजे ज्या शाळेत एकही आदिवासी मूल नाही, त्या शाळेलासुद्धा.

या शेवटच्या वाक्यात सगळं मर्म आहे. मागासांना पुढं आणायचं म्हणून त्यांना पुस्तकं द्या, शिष्यवृत्ती द्या, जेवण द्या, हे कुठल्याही सरकारला समजतं. पण पुढारलेल्यांच्या मुलांनाही काही शिकायचं राहून गेलं आहे, हे पटवणं महाकठीण. बँकेत कर्जवाटपाच्या योजना राबवताना मी हे पाहिलं आहे: कर्जदाराचं प्रबोधन करायला सगळे तयार असत, काउंटरमागच्या कारकुनाचं प्रबोधन करायचं म्हटलं की सभागृहात शांतता पसरे.

या कामाला बळ मिळालं ते एका पालकसंघटनेतून. आदिवासी शिक्षण सल्लागार गट असं तिचं काहीसं सरकारी नाव. १९७७ साली ती सुरू झाली. गावोगावी स्थानिक गट, त्यांचे मिळून विभागीय गट आणि वर राज्याचा गट. सभासद म्हणजे मुलांचे आईबाप, आज्या, मामा, शाळेतले मदतनीस. गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारायचं, आमची मुलं मागं का पडतात, त्यांना वरचेवर वर्गाबाहेर का उभं करता, इतिहासाच्या तासाला काय सांगता. ज्या आज्यांना लहानपणी त्याच शाळेच्या फाटकातून परत पाठवलं होतं, त्या आता मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्चीवर बसून प्रश्न विचारत होत्या. लिंडाबाई या संघटनेत वर्षानुवर्षं राबल्या आणि तिच्या राज्य अध्यक्षही झाल्या. पुढं विधिमंडळ, मंत्रिपद असं बरंच काही आलं. वर्तमानपत्रांना तेच दिसतं. मला विचाराल तर त्यांची खरी कारकीर्द या गावोगावच्या बैठकांतली. चहाचे कागदी पेले, मोडक्या खुर्च्या, आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागणारं तेच गाऱ्हाणं.

याच काळात, १९८४ साली, त्यांची वडिलांशी पहिली भेट झाली. नॉनी इंग्रम हे त्यांचं नाव. बाप लेकीला पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? माझ्यामुळे तुझी निराशा होऊ नये एवढीच इच्छा आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. आपल्याला दहा भावंडं आहेत आणि ती आपल्या गावापासून फार लांब नव्हे, हाकेच्या टप्प्यातच वाढली, हेही तेव्हा कळलं. या भेटीवर मी अधिक काही लिहीत नाही.

२००० ते २००३ त्या राज्याच्या आदिवासी कल्याण विभागाच्या महासंचालक होत्या. २००३ मध्ये सिडनीतल्या कँटरबरी मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे निवडून आल्या. न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळात निवडून आलेल्या त्या पहिल्या आदिवासी व्यक्ती. मतदारसंघ बहुरंगी, जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या लोकांचा. पुढं मंत्रिपद मिळालं, आणि २००८ साली खातं आलं समाजसेवेचं. या खात्याच्या हाती धोक्यातल्या मुलांना आईबापांपासून वेगळं करण्याचा अधिकार असतो. ज्या सरकारी अधिकारानं पिढ्यान् पिढ्या आदिवासी मुलं पळवली, आणि ज्याबद्दल त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशाच्या वतीनं माफी मागितली, त्याच अधिकाराची किल्ली एका आदिवासी बाईच्या कमरेला! मूल खरोखर धोक्यात असेल तर त्याला तिथं ठेवणं हाही गुन्हाच. आणि लोकसंख्येच्या मानानं पाहिलं तर घरापासून तोडलेल्या मुलांत आदिवासी मुलांचं प्रमाण तिथं आजही कितीतरी जास्त आहे. लिंडाबाईंनाही हे कोडं सुटलं नाही. सुटलं असतं असं म्हणणारा माणूस या खात्याच्या दारातही कधी गेला नसावा.

मधल्या काळात घरची दुःखं होती. २००६ मध्ये जोडीदार रिक फार्ली वारले. शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं नेतृत्व केलेला आणि आदिवासींच्या जमीनहक्कासाठी मध्यस्थी करणारा हा माणूस. २०१७ मध्ये तरुण मुलगा गेला. त्या कामावर परत आल्या.

त्याआधी, २०१६ साली, त्या केंद्रातल्या लोकप्रतिनिधी सभागृहात निवडून आल्या होत्या. तिथं पोचलेल्या त्या पहिल्या आदिवासी स्त्री. ३१ ऑगस्टला पहिल्या भाषणासाठी उभ्या राहिल्या तेव्हा खांद्यावर कांगारूच्या कातड्याचा झगा होता. तो बनवला होता शिक्षणक्षेत्रातल्याच लिनेट रायली यांनी. त्या प्रेक्षक सज्ज्यात बसल्या होत्या आणि तिथून त्यांनी विराजुरीत गाऊन लिंडाबाईंना सभागृहात आणलं. झग्यावर कुळाचं चिन्ह घोरपड आणि लिंडाबाईंचं स्वतःचं चिन्ह पांढरा काकाकुवा. आपल्या देवकाचीच ही कल्पना. काकाकुवा निरोप्या पक्षी, आणि भारी कलकलाट करणारा, असं त्यांनीच हसत सांगितलं.

२००३ च्या विधिमंडळातल्या पहिल्या भाषणात एक वाक्य होतं की, आयुष्याची पहिली दहा वर्षं आपण प्राणी-वनस्पतींच्या कायद्याखाली काढली. हे वाक्य तिथं फार लोकप्रिय आहे, पण असा कायदा अभ्यासकांना सापडलेला नाही. मुळात त्याची गरजच नव्हती. देशाच्या घटनेचं १२७ वं कलम पुरेसं होतं: लोकसंख्येची गणना करताना मूळ रहिवाशांना मोजू नये. हे कलम २७ मे १९६७ च्या सार्वमतानं रद्द झालं. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी बाजूनं मत दिलं. त्या वेळी लिंडाबाई दहा वर्षांच्या होत्या. साठ-सत्तर हजार वर्षांची वहिवाट असलेल्या लोकांना ताळेबंदातच धरायचं नाही, हे हिशेबाच्या कुठल्या पद्धतीत बसतं, मला समजलेलं नाही.

२०२२ साली मजूर पक्षाचं सरकार आलं आणि १ जूनला, पुन्हा खांद्यावर तोच मान मिरवत, त्यांनी आदिवासी व्यवहार मंत्री म्हणून शपथ घेतली. समोर काम होतं ‘व्हॉइस’चं. आदिवासींच्या प्रतिनिधींचं एक सल्लागार मंडळ घटनेत नोंदवायचं, त्यांच्यासंबंधीच्या कायद्यांवर त्यानं संसदेला सल्ला द्यायचा. सल्ला मानण्याचं बंधन नाही. २०१७ मध्ये उलुरू इथं जमलेल्या आदिवासी प्रतिनिधींची ही मागणी. आरोग्य, शिक्षण, रोजगार, घरं या चार गोष्टींवर मंडळानं आधी बोलावं, असं लिंडाबाई सांगत होत्या. गावोगावच्या पालकगटांची कल्पनाच देशाच्या घटनेपर्यंत नेण्याचा हा प्रयत्न होता, असं मी समजते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मी तिकडेच होते. मराठी मंडळींचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये बसला होता. आरती झाली, उकडीच्या मोदकांची रांग लागली, आणि रांगेत हाच विषय. तिथं मतदान सक्तीचं, त्यामुळे अंग चोरता येत नाही. एक गृहस्थ मला म्हणाले, “काकू, आम्ही वीस वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन आलो. आम्हाला कुणी वेगळा आवाज दिला? सगळे सारखे म्हणजे सारखे.” दुसऱ्या एकांना आपल्याकडच्या राखीव जागांची आठवण झाली आणि मग काय, चर्चा सिडनीतून थेट पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेली. पलीकडे द्रोण वाटणारी एक मुलगी होती, तिथंच जन्मलेली, प्राथमिक शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, “काका, तुमच्या घरासमोरचं झाड तोडायचं असलं तरी कौन्सिल तुम्हाला आधी पत्र पाठवतं. एवढंच मागतायत ते.” काका म्हणाले, “झाड वेगळं, घटना वेगळी.” रांग पुढं सरकली.

१४ ऑक्टोबरला सार्वमत झालं. साठ टक्के लोक ‘नको’ म्हणाले, सहाच्या सहा राज्यांत ‘नको’. तिथं सार्वमत जिंकणं मुळातच अवघड. देशभरात बहुमत हवं आणि सहापैकी चार राज्यांतही. १९०१ पासूनच्या पंचेचाळीस प्रस्तावांपैकी आठच मंजूर झालेत. विरोधी पक्ष विरोधात गेला तेव्हाच फासा उलटा पडला, असं जाणकार म्हणतात. आदिवासींतही एकमत नव्हतं. सिनेटर जॅसिंटा प्राइस यांना वेगळेपणाच घटनेत नको होता. सिनेटर लिडिया थॉर्प यांना नुसता सल्ला म्हणजे फारच थोडं वाटत होतं. मात्र दूरच्या आदिवासी वस्त्यांतल्या मतदानकेंद्रांवर मोठ्या बहुमतानं ‘हो’ पडलं.

त्या रात्री पंतप्रधानांशेजारी उभ्या राहून लिंडाबाई बोलल्या. मी मुलीच्या घरी टीव्हीसमोर होते. हरलेल्या मंत्र्याचं भाषण असतं तसं ते नव्हतं. आपल्या लोकांना, विशेषतः तरुणांना, त्या सांगत होत्या की तुम्ही जे आहात त्याचा अभिमान बाळगा, पासष्ट हजार वर्षांच्या परंपरेचा अभिमान बाळगा. देशातल्या साठ टक्क्यांशी त्या भांडत नव्हत्या. कुठल्यातरी वर्गात, त्या संध्याकाळी पातळ व्हावंसं वाटणाऱ्या तेरा वर्षांच्या कुणाशी तरी त्या बोलत होत्या.

टीका व्हायची ती झाली. मंत्री म्हणून त्या सभागृहातल्या प्रश्नांना चाचरत उत्तरं देतात, मसुद्याचे तपशील सांगत नाहीत, असं विरोधक म्हणत. यात थोडं तथ्य होतं. तपशील लोकांपुढं मांडण्यात सरकार कमी पडलं आणि संशयाला जागा मिळाली, असं मलाही त्या महिन्याभरात जाणवलं. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणि २०२५ ची निवडणूक त्या लढल्या नाहीत. त्यांच्या जागी मंत्री झाल्या मॅलार्न्डिरी मॅकार्थी, उत्तरेकडच्या यान्युवा जमातीच्या. एका आदिवासी स्त्रीनंतर दुसरी आली, तेव्हा तिकडच्या वृत्तपत्रांत ‘पहिली’ हा शब्द वापरायची सोय राहिली नाही.

मिचेल कॉलेज १९८९ साली चार्ल्स स्टर्ट विद्यापीठात विलीन झालं. २००२ मध्ये या विद्यापीठानं लिंडाबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आता तिथं विराजुरी भाषेचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो, आणि विद्यापीठानं आपलं ब्रीद म्हणून विराजुरी शब्दच घेतले आहेत. त्यातला एक आहे ‘यिंड्यामारा’. आदर, सौम्यपणा, सबुरी, हळू चालणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं म्हणतात.

२०१७ साली न्यू साउथ वेल्सनं आदिवासी भाषांच्या रक्षणाचा कायदा केला, ऑस्ट्रेलियातला पहिला. बॅथर्स्टच्या पश्चिमेला पार्क्स नावाचं गाव आहे. तिथल्या शाळांतून विराजुरी शिकवतात. वर्गात बरीचशी मुलं गोऱ्यांची असतात, आणि ‘दिवस चांगला जावो’ म्हणायला ती ‘यिराधु मरांग’ म्हणायला शिकतात.